अठ्ठ्याहत्तर मिनिटं आणि एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. कुणी हल्ला केला नव्हता, वीज गेली नव्हती, समुद्राखालची केबल तुटली नव्हती. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांवर एक छोटीशी फाइल धाडली होती, इतकंच. ती तपासण्याचं आणि पोचवण्याचं काम आपोआप होत होतं. पोचवण्याच्या बाबतीत तर यंत्रणा त्या दिवशी जराही चुकली नाही.

याचा गोंदियाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध गोंदियाच्या विमानतळावरून, म्हणजे बिरसीच्या धावपट्टीवरून येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ही धावपट्टी. मधले काही महिने सोडले तर इथून उडायचे ते शिकाऊ वैमानिकच. १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोने तिरुपती-हैदराबाद-गोंदिया अशी सेवा सुरू केली आणि बालाजीला निघालेल्या कुटुंबांची, हैदराबादेत नोकरीला असलेल्या पोरांची सोय झाली. विमान लहान, विमानतळ लहान, पण बोर्डिंग पास ज्या यंत्रणेतून निघतो ती मुंबई-दिल्लीला चालते तीच. त्या शुक्रवारी इंडिगोने आपल्या संपूर्ण जाळ्यावर परिणाम झाल्याचं जाहीर केलं. त्या जाळ्याचं एक टोक आपल्या जिल्ह्यात होतं.

पुढच्या वेळा सगळ्या भारतीय आहेत. आणि सुरुवात शुक्रवारपासून करून चालणार नाही, कारण चूक तोवर जवळपास पाच महिन्यांची झाली होती.

२८ फेब्रुवारी २०२४ : उरले १४२ दिवस

क्राउडस्ट्राइकचं ‘फाल्कन’ हे सॉफ्टवेअर संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे ज्याला कर्नल म्हणतात तिथे, बसतं. विंडोज सुरू होताना अगदी पहिल्या काही घटकांबरोबर ते जागं होतं. घातक प्रोग्राम उठायच्या आधी आपण उठलेलं असावं, हा त्यामागचा हेतू. पण त्याची दुसरी बाजू अशी की साधा प्रोग्राम अडखळला तर तो एकटा बंद पडतो, कर्नलमधला अडखळला तर अख्खा संगणक बसतो. पुन्हा सुरू करावा, तर तो परत त्याच जागी अडखळतो.

या दिवशी फाल्कनची ७.११ ही आवृत्ती बाहेर पडली. विंडोजमधले प्रोग्राम आपापसांत ज्या आतल्या वाटांनी बोलतात, त्या वाटांचा गैरवापर ओळखण्याची नवी सोय तिच्यात होती. कशावर नजर ठेवायची हे सांगणारा एक साचा त्यासाठी ठरवला गेला. साच्यात रकाने होते २१. आणि त्या रकान्यांत तपासायला प्रत्यक्ष माहिती पुरवणारा जो कोड होता, तो पुरवत होता २०.

एवढीच ती चूक. आमच्या गोंदियाच्या हिंदीमिश्रित बोलीत बारीकशा फरकाला ‘उन्नीस-बीस’ म्हणून सोडून देतात. हा वीस-एकवीसचा होता.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘इंटिग्रेशन’ म्हणतात ते नेमकं असल्या फरकांसाठी असतं. वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले तुकडे महिनाअखेरीस एकदम जोडायला घेतले तर त्यांची तोंडं जुळत नाहीत. म्हणून ते रोज, दिवसातून कित्येकदा, आपोआप एकत्र आणायचे, आपोआप तपासायचे, आणि तपासणीत उतरले की आपोआप रवाना करायचे. पुणे, हैदराबाद, बंगळूरमधली हजारो मराठी पोरं आज याच कामावर पोट भरतात. क्राउडस्ट्राइकचं स्वतःचं एक कार्यालय पुण्यात आहे. ही पद्धत वाईट नाही, उलट हातकामापेक्षा कितीतरी बरी आहे. का, ते पुढे येईलच.

५ मार्च : उरले १३६ दिवस

नव्या साच्यावर ताण देऊन चाचणी झाली. तो पास झाला. त्याच दिवशी त्या साच्यावर बेतलेला पहिला नियम खऱ्या यंत्रांवर गेला. काहीही झालं नाही.

का झालं नाही? कारण चाचणीतही आणि त्या नियमातही एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती. जिथे काहीही चालतं तिथे कोड बघायलाच जात नाही. त्यामुळे एकविसावी माहिती मुळात येतच नाही, हे कळायची वेळच आली नाही.

भात पिकवणाऱ्या जिल्ह्यात शितावरून भाताची परीक्षा कशी करतात हे सांगायला नको. पण ती परीक्षा खरी ठरायची तर शीत पातेल्यातून कुठूनही उचललेलं असावं लागतं. इथे चाचणी घेणाऱ्यांनी दर वेळी एकाच कडेचं, शिजलेलंच शीत दाबलं. वीस रकाने पुन्हा पुन्हा तपासले गेले. एकविसाव्याला कुणी हात लावला नाही, आणि निकालपत्रावर मात्र ‘साचा उत्तीर्ण’ असं लिहिलं गेलं.

८ ते २४ एप्रिल : उरले ८६ दिवस

आणखी तीन नियम गेले. तिघांचंही ठीक चाललं. चार वेळा सुखरूप पार पडलेल्या वाटेवर पाचव्यांदा कोण थांबून बघतो?

इथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म तिच्यात आहे. फाल्कनकडे येणारे बदल दोन वाटांनी येत. एक मोठी वाट: फाल्कनची नवी आवृत्ती. तिची कसून चाचणी व्हायची आणि गिऱ्हाइकाला निवड असायची. अगदी ताजी आवृत्ती घ्या, नाहीतर एक पाऊल मागची, नाहीतर दोन पावलं मागची. सावध बँका, सावध विमान कंपन्या मागची घ्यायच्या. दुसऱ्यांकडे काय होतं ते आधी बघू, असा साधा शहाणपणा. दुसरी वाट छोटी: नव्या धोक्यांची ओळख पटवणारे नियम. चोर रोज नवी युक्ती काढतो, म्हणून हे नियम झटपट जायला हवेत. तर ते एकदम, सगळ्यांना, एकाच वेळी जायचे. टप्पे नाहीत आणि गिऱ्हाइकाला विचारणं नाही. हा काही कोड नव्हे, नुसती माहिती आहे, असं त्यामागचं गृहीत होतं.

म्हणजे ज्याने जाणूनबुजून दोन पावलं मागची आवृत्ती ठेवली, त्याच्याही यंत्रावर छोट्या वाटेने ताजा नियम त्याच क्षणी येऊन पडत होता. त्याने पुढच्या दाराला कडी घातली होती आणि मागचं दार आपल्या घराला आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

१९ जुलै, पहाटे ३.१० : उरले साडेसहा तास

इथे गोष्टीत दुसरंच एक पात्र घुसतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचं मोठं केंद्र आहे. तिथेही एका स्वयंचलित कामाने जुळणीतला एक बदल पाठवला आणि माहिती साठवणाऱ्या यंत्रांनी गणन करणाऱ्या यंत्रांना दाराबाहेर ठेवलं. त्या केंद्रावर अवलंबून असलेल्या सेवा एकेक करून बसू लागल्या. अमेरिकेतल्या काही विमान कंपन्यांची त्या रात्रीची उड्डाणं त्यापायीच अडली.

या घटनेचा क्राउडस्ट्राइकशी संबंध नव्हता. पण दोन्ही एकाच दिवशी आल्या आणि लोकांच्या डोक्यात त्यांची गाठ बसली ती बसलीच. इंडिगोने दिवसभर जे कारण दिलं ते अझूरचंच. मुंबईच्या काउंटरसमोर रांगेत उभ्या माणसाला यातलं आयोवाचं किती आणि टेक्सासच्या क्राउडस्ट्राइकचं किती हे कळायचा मार्ग नव्हता. दोन्हीकडे बदल आपोआप गेला होता, एवढं मात्र सारखं.

सकाळी ९.१५ : उरली २४ मिनिटं

मुंबईचे शेअर बाजार नेहमीप्रमाणे उघडले. काही दलाली कंपन्यांना पुढे त्रास झाला, दोन्ही बाजार मात्र दिवसभर चालू राहिले.

सकाळी ९.३९

टेक्सासमधल्या ऑस्टिनला गुरुवारचे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ऑस्ट्रेलियात भर दुपार होती, भारतात कचेऱ्या उघडायची वेळ. क्राउडस्ट्राइकने त्याच साच्यावरचे दोन नवे नियम सोडले. त्याआधी ते एका स्वयंचलित तपासनिसापुढे ठेवले गेले होते. या तपासनिसाचं काम नियमाचा आकार साच्याशी जुळतो की नाही हे बघणं. साच्यात २१ रकाने, नियमात २१ रकाने. जुळलं. शिक्का बसला. माहिती पुरवणारा कोड २० च पुरवतो, हे तपासनिसाला माहीत नव्हतं. २१ येतात असं तोही धरूनच चालला होता. मार्चमधली चाचणी, तपासनिसावरचा विश्वास आणि मागच्या नियमांचा चांगला अनुभव, एवढ्या जोरावर नियम रवाना झाले.

दोनपैकी एका नियमात पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ नव्हतं. तिथे नेमकं काहीतरी बघायला सांगितलं होतं.

फाल्कन बघायला गेलं. वीस खणांच्या रांगेत एकविसावा खण शोधताना ते रांगेबाहेरच्या, आपल्या नसलेल्या स्मृतीत शिरलं. कर्नलमध्ये असं झालं की विंडोज दुसरा विचार करत नाही, सगळं थांबवून निळा पडदा दाखवतं.

९.३९ ते १०.५७

या अठ्ठ्याहत्तर मिनिटांत जो विंडोज संगणक चालू होता, इंटरनेटला जोडलेला होता आणि ज्यावर फाल्कनची ७.११ किंवा त्यापुढची आवृत्ती होती, त्याच्यावर फाइल उतरण्याची पाळी आली. मॅक आणि लिनक्सवाले सुटले. ज्यांचा संगणक रात्रीचा बंद होता तेही सुटले, आणि विजेची बचत करणारे त्या दिवशी शहाणे ठरले.

फटका बसला तो नेमका दक्ष संस्थांना. घरच्या संगणकावर फाल्कन कुणी घेत नाही, ते महाग असतं. ते घेतात विमान कंपन्या, रुग्णालयं, बँका, वृत्तवाहिन्या. म्हणूनच मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने जगातल्या विंडोज यंत्रांपैकी एक टक्काही बंद पडली नव्हती आणि तरीही जग थांबल्यासारखं वाटलं. ब्रिटनमध्ये स्काय न्यूज वाहिनीचं थेट प्रक्षेपण बंद पडलं, तिथल्या डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात. अमेरिकेच्या काही भागांत तातडीच्या मदतीचा ९११ हा क्रमांक अडखळला. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या तीन मोठ्या कंपन्यांनी विमानं जमिनीवरच ठेवली.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत लोक निळ्या पडद्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवत होते. शुक्रवारीच शनिवार लागल्याचे विनोद तासाभरात फिरले. ते विनोद करणाऱ्यांमध्ये ज्यांना पुढचे दोन दिवस प्रत्येक संगणकापाशी जाऊन बसायचं होतं, ती माणसं नसावीत.

१०.५७

कंपनीने सदोष फाइल मागे घेतली आणि दुरुस्त फाइल त्याच वाटेने सोडली. वाट पुन्हा चोख चालली. पण घ्यायला पलीकडे कुणी उठलेलं नव्हतं. बंद पडलेला संगणक सुरू होताना फाल्कन जागं व्हायचं, सदोष फाइल वाचायचं, पडायचं. इंटरनेटपर्यंत पोचायला त्याला सवडच मिळत नव्हती. क्वचित एखादा संगणक वारंवार चालू-बंद करताना पडायच्या आधी नवी फाइल खेचून घ्यायचा. अझूरवरच्या आभासी यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने म्हणूनच सांगितलं की चालू-बंद करत राहा, काहींना पंधरा वेळा करावं लागलं आहे.

बाकीच्यांसाठी उपाय हाताचा. संगणक सेफ मोडमध्ये उघडायचा, फाल्कनच्या फोल्डरमध्ये जायचं, ‘सी-०००००२९१’ ने सुरू होणारी फाइल पुसायची, परत चालू करायचा. ऐकायला पाच मिनिटांचं काम. पण मोठ्या संस्थांमध्ये डिस्क कुलूपबंद असते आणि ते उघडायला दर यंत्राची वेगळी, ४८ आकडी किल्ली लागते. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवली होती तोच निळा पडलेला.

पाठवायला अठ्ठ्याहत्तर मिनिटं लागली, तीही आपोआप. काढायला माणसं लागली, एकेका यंत्रापाशी बसलेली. या धंद्याने जायची वाट रेल्वेसारखी बांधली आणि यायला पायवाटसुद्धा ठेवली नाही.

इथे कुणी म्हणेल, मग कशाला ते ऑटोमेशन? आपले जुने हातच बरे. त्याला उत्तर बारा वर्षं आधीचं आहे. ऑगस्ट २०१२ च्या पहिल्या तारखेला न्यू जर्सीच्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवायचं होतं. ते काम एका तंत्रज्ञाने हाताने केलं. सातांवर चढवलं, आठवा राहिला. कुणी दुसऱ्याने मोजून बघितलं नाही, तसा नियमच नव्हता. आठव्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला एक जुना कोड पडून होता. बाजार उघडताच नव्या खुणेने तो जागा झाला आणि खरेदी-विक्री करत सुटला. त्या सकाळी बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या यंत्रणेने माणसांना ९७ ईमेल पाठवले होते, त्या जुन्या कोडचं नाव घेऊन. ते कुणी इशारा म्हणून वाचले नाहीत. गडबड कळल्यावर तंत्रज्ञांनी जे केलं ते तर ऐकवत नाही: दोष नव्या सॉफ्टवेअरचा समजून त्यांनी ते ज्या सात सर्व्हरवर नीट बसलं होतं तिथूनही काढून टाकलं. मग आठही सर्व्हर तेच करू लागले. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये चाळीस लाख व्यवहार झाले आणि तोटा झाला ४६ कोटी डॉलरचा. दुसऱ्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

सात आणि आठ, वीस आणि एकवीस. पहिल्या वेळी मोजायला यंत्र नव्हतं. दुसऱ्या वेळी होतं, पण त्याला चुकीचा आकडा मोजायला सांगितलं होतं.

दुपार

मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर, गोवा. वेबसाइटवरून चेक-इन बंद, आरक्षण बदलणं बंद. अकासा एअरने मुंबई आणि दिल्लीत कामकाज हाताने सुरू केलं आणि प्रवाशांना लवकर या म्हणून सांगितलं. स्पाइसजेटने तेच केलं. इंडिगोने कर्मचाऱ्यांच्या हातात पेन दिलं. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाने आपला हाताने लिहिलेला बोर्डिंग पास समाजमाध्यमांवर टाकला आणि तो देशभर फिरला: नाव, उड्डाण, आसन, सगळं बॉलपेनने.

त्या चिठ्ठीचं बरंच कौतुक झालं, थट्टाही झाली. माझ्या मते त्या दिवशी आपल्याकडे जे शहाणपण दिसलं ते त्या चिठ्ठीत होतं. यंत्र गेलं तर काय करायचं हे काउंटरवरच्या माणसाला माहीत होतं, कोरे पास छापून ठेवलेले होते, आणि विमानं उशिरा का होईना उडत होती. बिरसीसारख्या ठिकाणी, जिथे दिवसाला मोजकीच प्रवासी उड्डाणं असतात, ही पद्धत निभावते. मुंबईसारख्या ठिकाणी ती तासाभरात तुंबते, कारण एक विमान अडलं की तेच विमान पुढे ज्या तीन गावांना जायचं असतं ती तिन्ही गावं अडतात. इंडिगोने अखेर दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द केली. दुसरं तिकीट काढून देणं किंवा पैसे परत करणंही तात्पुरतं बंद असल्याचं त्याच निवेदनात होतं, कारण तेही त्याच यंत्रणेतून होतं.

दुपारी ३.१५

फाइल सुटून साडेपाच तास उलटल्यावर क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांनी एक्सवर लिहिलं: हा सायबर हल्ला नाही, एका अपडेटमधला दोष आहे, तो वेगळा काढला आहे, उपाय पाठवला आहे. त्या पहिल्या निवेदनात माफी नव्हती. त्यावर बरीच टीका झाली, माफी त्यांनी नंतर मागितली.

संध्याकाळ

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की एनआयसीचं सरकारी जाळं सुरक्षित आहे. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने सूचनापत्र काढलं, धोक्याची पातळी ‘गंभीर’. रिझर्व्ह बँकेने कळवलं की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळे आले. बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नव्हत्या आणि क्राउडस्ट्राइक वापरणाऱ्या बँका थोड्याच होत्या.

भारत थोडक्यात निभावला, हे खरं. पण ते आपण सावध होतो म्हणून नव्हे. आपल्या कितीतरी यंत्रणा अजून जुन्या, आपल्या घरच्या, त्या वाटेवर नसलेल्या आहेत म्हणून. या निसटण्याला तयारी समजून कुणी पाठ थोपटून घेऊ नये.

२० जुलै, पहाटे ३ आणि त्यापुढे

पहाटे तीनपासून देशातल्या विमान कंपन्यांच्या यंत्रणा पूर्ववत झाल्याचं नागरी उड्डाण मंत्री राममोहन नायडू यांनी सांगितलं. तुंबलेलं काम दुपारपर्यंत निपटेल असा अंदाज होता.

बाकी जगाचं इतक्यात निपटलं नाही. २५ जुलैला, म्हणजे सहा दिवसांनी, ९७ टक्क्यांहून जास्त यंत्रं परत जोडली गेल्याचं कंपनीने सांगितलं. एकट्या डेल्टाने पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणं रद्द केली आणि नुकसान ५० कोटी डॉलरचं सांगितलं. ते प्रकरण कोर्टात गेलं.

६ ऑगस्ट

कंपनीचा सविस्तर अहवाल आला. सॉफ्टवेअर कंपन्या सहसा असलं काही लिहीत नाहीत, लिहिलं तर कुणाला कळू नये असं लिहितात. हा बऱ्यापैकी स्पष्ट होता. वर सांगितलेली २१ आणि २० ची गोष्ट त्यातलीच. दुरुस्त्याही दिल्या होत्या: रांगेबाहेर वाचायला गेल्यास कोडने आधीच थांबावं, पुरवलेली माहिती आणि साच्यातले रकाने यांची मोजणी कोड तयार होतानाच व्हावी, चाचणीत दर रकान्याला हात लागावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवा नियम आधी थोड्या यंत्रांवर जावा, तिथे ठीक चालला तर पुढच्या टप्प्यावर, आणि कधी घ्यायचा हे गिऱ्हाइकाच्या हातात असावं.

यातलं शेवटचं काही नवं ज्ञान नव्हे. आधी थोड्यांवर, मग सगळ्यांवर, हा या धंद्यातला जुना धडा आहे. क्राउडस्ट्राइक स्वतः तो मोठ्या वाटेवर पाळत होतीच. छोट्या वाटेवर तो पाळला असता तर ९.३९ ला काही हजार संगणक पडले असते, १० वाजता कुणीतरी फाइल थांबवली असती, आणि आपल्याला या कंपनीचं नावही कळलं नसतं. एकविसावा रकाना राहून गेला, याला मी क्षमा करीन. असल्या चुका रोज होतात. एकदम सगळ्यांना पाठवायची वाट उघडी ठेवली, याला नाही. चूक हाताखालच्या कुणाची असेलही, वाट वरच्यांनी ठरवलेली होती.

सप्टेंबरच्या २४ तारखेला कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी ॲडम मायर्स अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीसमोर उभे राहिले आणि त्यांनी माफी मागितली.

आपल्या जिल्ह्यातल्या पतसंस्था, रुग्णालयं, धान खरेदीची नोंद ठेवणाऱ्या संस्था आणि शाळा यांतली बहुतेक सॉफ्टवेअर विकतच घेतात, ते बनवत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी करार करायला विक्रेता समोर बसला की त्याला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. तुमचं अपडेट आमच्या सगळ्या संगणकांवर एकदम येतं की आधी एकावर? ते थांबवायचं बटण आमच्याकडे आहे का? आणि ते बिघडलं तर आमच्या गावात येऊन हाताने दुरुस्त कोण करणार, किती तासांत?